हुत की हूत

"मॅडम, गॉड म्हंजी देव का देवी?"

लोहारा तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तेव्हा नववीतल्या एका मुलीनं हे विचारलं. वर्गात कुणी हसलं नाही. आमच्या भागात हा हसण्याचा प्रश्नच नाही. कोजागरीला इथली माणसं तुळजापूरला पायी जातात. दैवत म्हटलं की आमच्या लेकरांच्या डोळ्यांपुढे आधी आई उभी राहते, गंडकी शिळेची, अष्टभुजा, महिषासुराला पायाखाली घेतलेली. आणि तिच्या नावानं द्यायची हाक कोणती, तर 'आई राजा उदो उदो'. आई आणि राजा, दोन्ही एकाच श्वासात. ही हाक ऐकत वाढलेल्या मुलीला इंग्रजीतला तीन अक्षरांचा शब्द नुसता पुल्लिंगी वाटेना, यात नवल नव्हतं.

मी तिला सांगितलं की तो शब्द मुळात देवही नव्हता आणि देवीही नव्हता. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये तो नपुंसकलिंगी होता, आपल्या 'दैवत' शब्दासारखा. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं गॉथिक भाषेत बायबल आणलं. ख्रिस्ती ईश्वरासाठी त्यानं हाच शब्द घेतला आणि तो पुल्लिंगी चालवला. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांनी तर दोन रूपं वेगळी केली. जुन्या दैवतांना नपुंसकलिंगी रूप राहिलं, नव्या ईश्वराला पुल्लिंगी मिळालं. धर्म बदलला तसं शब्दाचं लिंग बदललं.

मुलीचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. तो शब्द आला कुठून, हे मी नंतर पुष्कळ वर्षं वाचत राहिले. जे हाती लागलं त्यानं माझ्या मायच्या परडीकडे आणि किल्लारीच्या भूकंपाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी दोन गैरसमज बाजूला करते. पहिला असा की 'गॉड' हा 'गुड'वरून आला. इंग्रजीत ते शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. 'चांगला' हा अर्थ या शब्दाच्या मुळात कुठंच नाही, आणि पुढे भूकंपाचं बोलायचं आहे म्हणून हे लक्षात ठेवावं. दुसरा गैरसमज आपल्याकडे प्रवचनांतून आणि मोबाइलवरून फिरतो. जी म्हणजे जनरेटर, ओ म्हणजे ऑपरेटर, डी म्हणजे डिस्ट्रॉयर, म्हणून गॉड म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. सांगणाऱ्यांचा भाव मला कळतो. सगळीकडचा देव एकच, असं त्यांना म्हणायचं असतं. पण हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो बोलणाऱ्यांना जनरेटर माहीत नव्हता. देव एक आहे हे सांगण्यासाठी शब्दाचा खोटा जन्मदाखला काढायची गरज नाही. खरा दाखला त्याहून मोठं नातं सांगतो.

भाषेचे अभ्यासक शब्दांची नाती ध्वनींच्या नियमांवरून जोडतात. संस्कृतात जिथे 'ह' येतो, तिथे पुष्कळदा जर्मानिक भाषांत 'ग' येतो. आपला 'हंस' आणि इंग्रजीतला 'गूस' हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. 'गॉड'च्या शेवटी जो 'ड' आहे तो आपल्या 'कृत', 'श्रुत' यांतल्या 'त'चा भाऊ, म्हणजे 'केलेलं', 'ऐकलेलं' असा अर्थ देणारा प्रत्यय. या वाटेनं मागे गेलं की 'गॉड'च्या जागी संस्कृतात दोन शब्द उभे राहतात. एक 'हुत', 'हु' धातूचा. होम, हवन, आहुती हे सगळे त्याच घरचे. त्याचा अर्थ, ज्याच्यासाठी ओतलं ते. दुसरा 'हूत', 'ह्वे' धातूचा. आवाहन, आह्वान त्याच्या घरचे. त्याचा अर्थ, ज्याला हाक मारली ते. ऋग्वेदात इंद्राला 'पुरुहूत' म्हटलं आहे, पुष्कळांनी हाक मारलेला. 'हु' ऱ्हस्व की दीर्घ, एवढ्यावर हा वाद येऊन थांबतो, आणि विद्वानांत तो मिटलेला नाही.

माझ्यासाठी यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपला 'देव' शब्द 'दिव्' धातूवरून, प्रकाशणारा. लॅटिनमधला 'देउस' त्याचाच सख्खा. तो शब्द देवाबद्दल सांगतो, तो कसा आहे हे सांगतो, आणि म्हणून त्यावर भांडणही होतं. इराणच्या अवेस्तात तोच शब्द 'दएव' होऊन दुष्ट शक्तींचं नाव झाला. एकाचा उजेड दुसऱ्याला अंधार वाटला. 'गॉड' हा शब्द मात्र देवाबद्दल काहीच सांगत नाही. तो माणसाबद्दल सांगतो. माणसानं काय केलं? ओतलं, किंवा हाक मारली. समोर कोण आहे, कसं आहे, आहे की नाही, यावर तो शब्द गप्प आहे.

आता तुळजापूरला चला. तिथं ही दोन्ही कामं डोळ्यांपुढे चालतात. गाभाऱ्यात दूध-दह्याचा अभिषेक, महानवमीला होम आणि अजाबळी, आराध्यांच्या हातातल्या पोतावर ओतलेलं तेल, ही सगळी 'हुता'ची बाजू. आणि राजे शहाजी महाद्वारातून पायऱ्या उतरताना, कल्लोळ तीर्थाजवळ, गर्दीतून कुणीतरी एकटाच 'आई राजा' म्हणतो आणि शंभर गळे 'उदो उदो' म्हणतात, ती 'हूता'ची बाजू. 'उदो' म्हणजे उदय असो. सूर्यानं उगवावं तसं तू उगव. कुणी अंगात वारं येऊन घुमत असतं. इंग्रजीत चक्कर येण्याला 'गिडी' म्हणतात, तो शब्दही 'गॉड'च्याच घरचा, मूळ अर्थ अंगात दैवत आलेला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावची नवरात्रातली रात्र आठवली.

माझी माय आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पाच घरं जोगवा मागायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण आम्ही गरीब होतो आणि जोगवा आणि भीक यातला फरक शाळेतल्या पोरांना कळत नसे. माय म्हणायची, "भीक पोटासाठी मागतेत गं. जोगवा तिच्यासाठी मागायचा." घरातून ओतायला तिच्याजवळ काही नव्हतं. ज्या वर्षी पाऊस रुसायचा, आणि आमच्या जिल्ह्यात तो वरचेवर रुसतो, त्या वर्षी पोतासाठी तेलसुद्धा दुसऱ्याच्या घरातून यायचं. तिची एकच वस्तू तिच्या मालकीची होती, ती म्हणजे हाक.

इथे मी माझा कौल देते. भाषाशास्त्र कुणाच्याही बाजूनं जावो, धर्माचा जीव मला 'हूता'त दिसतो, 'हुता'त नाही. ओतायला जवळ काहीतरी असावं लागतं. दूध असावं लागतं, तूप असावं लागतं, ते ओतू देणारा पुजारी असावा लागतो, आणि आत जाऊ देणारा उंबरा असावा लागतो. या देशात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांना ओतण्याचा अधिकार नव्हता. हाक मारण्यापासून त्यांना कुणी अडवू शकलं नाही. उंबरा पायांना अडवतो, आवाजाला अडवत नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांचे अभंग आत-बाहेर सगळीकडे आहेत.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर 'हुता'ची बाजू चतुर्थी विभक्तीची आहे, 'हूता'ची संबोधनाची. मीमांसकांनी चतुर्थीचा विचार शेवटपर्यंत नेला. शबरस्वामींच्या भाष्यात मोठ्या धीटपणानं म्हटलं आहे की देवतेला शरीर नाही, ती काही खात नाही, प्रसन्न होऊन काही देतही नाही. यज्ञात आहुती टाकताना 'इंद्राय' असा जो शब्द उच्चारायचा, त्या शब्दापुरतीच देवता. त्या विचारवंतांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या यज्ञात देवता विभक्तीच्या प्रत्ययाएवढी उरली. तिच्याशी भांडता येत नाही. संबोधनाचं तसं नसतं. हाक मारली की समोर कुणीतरी 'तू' तयार होतो, मग तो बोलो न बोलो. मार्टिन बूबर या यहुदी तत्त्वज्ञानं १९२३ साली 'मी आणि तू' या ग्रंथात हेच मांडलं, की देवाविषयी बोलता येत नाही, देवाशी बोलता येतं. आमच्याकडे हे एका नावातच सांगितलं आहे. राम वनवासात सीतेला शोधत फिरत होता, तेव्हा पार्वती सीतेचं रूप घेऊन त्याच्या वाटेत आली. रामानं तिला ओळखलं आणि विचारलं, "तू का, आई?" म्हणून ती तुकाई. तुळजापूरची घाटशीळ ही त्या भेटीचीच जागा सांगतात. पंडित तुकाईची व्युत्पत्ती दुसरी देतील, आणि ती बरोबरही असेल. पण ज्या लोकांनी आपल्या दैवताचं नाव एका प्रश्नातून, 'तू' या शब्दातून काढलं, त्यांना बूबर शिकवावा लागत नाही.

हाकेलाही एक धोका आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातल्या तेरनं सांगितला आहे. तिथले कुंभार संत गोरोबाकाका चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठल होता, आणि रांगत आलेलं त्यांचं लेकरू पायाखाली आलं. कीर्तनात ही कथा रंगवून सांगतात, शेवटी लेकरू परत मिळतं. मी शेवटापर्यंत पोचतच नाही. मी त्या चिखलातच अडकते. ते लेकरू रडलं असेल, त्यानंही हाक मारली असेल. देवाला हाक मारण्यात माणसाची हाक ऐकू येईनाशी झाली, तर ती भक्ती मला पेलत नाही. गोरोबांचं मोठेपण मी मानते. ही कथा आमच्या पूर्वजांनी लपवली नाही, जपली, हेही मानते. पण तिला समाधीचं उदाहरण म्हणून सांगणं मला पटत नाही. ती इशारा म्हणून सांगावी.

आणि आता ३० सप्टेंबर १९९३.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि झोपली. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर, आसपासची गावं. दख्खनचं हे पठार स्थिर समजलं जायचं. आमची घरं दगडाच्या जाड भिंतींची, त्या भिंतींतला दगड नुसत्या मातीत बसवलेला, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. 'गॉड' शब्दाच्या मुळाबद्दल काही अभ्यासक तिसरी गोष्ट सुचवतात. 'ओतणे' म्हणजे माती ओतणे, मृताच्या थडग्यावर रचलेला ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्यात वसणारं दैवत. समाध्या आणि दर्गे पुजणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हा अर्थ परका वाटू नये. मला मात्र तो वाचताना समाधी आठवली नाही, सास्तूर आठवलं.

सास्तूरला माझी मावशी दिली होती. ती वाचली. तिचा नवरा आणि नातवंडं वाचली नाहीत.

त्या दिवसांत आलेली स्पष्टीकरणं मी विसरलेले नाही. पाप वाढलं होतं, असं पुष्कळजण म्हणाले. हे नवं नव्हतं. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असं म्हटलं होतं, आणि रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला होता. गांधीजींवर माझी श्रद्धा आहे, पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. मावशीच्या नातवंडांनी कोणतं पाप केलं होतं? आमच्या गावात एकानं वेगळंच सांगितलं, की देवी निद्रेत होती. हे मायनं लगेच खोडलं. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा पलंगावर निजते हे खरं. पण नवरात्राआधीची घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होते, आणि ती अष्टमी अजून आठवड्यावर होती. त्या पहाटे आई सिंहासनावर होती, जागी होती. माय अक्षरओळख नसलेली बाई, पण देवीला सोडवण्यासाठी तिनं खोटी तिथी स्वीकारली नाही.

तिसरं स्पष्टीकरण सगळ्यांत गोड होतं, आणि ते अजून चालतं. जवान आले, डॉक्टर आले, दूरदूरची माणसं धान्य आणि कपडे घेऊन आली, हाच देव. त्या माणसांचे उपकार आम्ही जन्मभर फेडू शकणार नाही. पण त्यांना माणूसच म्हणावं. देवाची गैरहजेरी झाकायला त्यांचा उपयोग करणं त्यांच्यावर अन्याय आहे, आणि ढिगाऱ्याखालून ज्यांनी हाक मारली आणि ज्यांच्यापर्यंत कुणीच पोचलं नाही, त्यांच्यावरही.

तुळजा या नावाची कथा अशी, की कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिला कुकुर दैत्यानं गाठलं, तिनं हाक मारली आणि देवी त्वरेनं धावून आली. म्हणून त्वरिता, त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा. धावून येणं हेच जिचं नाव, ती त्या पहाटे आली नाही. याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे असं ते म्हणतात, त्यांचं उत्तर मला नको आहे.

पुढे पंधरवड्यानं घटस्थापना आली. सास्तूरकरांसाठी पत्र्याची शेडं उभी राहिली होती. मावशीनं घट बसवला नाही. माय तिच्याकडे जाऊन राहिली होती, मीही होते. पहिल्या रात्री माय दिवा लावून 'उदो' म्हणणार तेवढ्यात मावशीच उठली. तुळजापूर कोणत्या दिशेला आहे ते जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिशेला तोंड करून ती ओरडली, "कुठं गेल्तीस गं? सांग की, कुठं गेल्तीस?" शिव्या दिल्या, रडली, पुन्हा शिव्या दिल्या. शेजारच्या शेडातल्या बाया बाहेर आल्या. कुणीतरी तिला गप्प करायला निघालं, तर मायनं हात धरून थांबवलं. "बोलू द्या तिला. तिच्याशी नाय बोलंल तर कुणाशी बोलंल?"

त्या रात्री हा सगळा शब्दविचार मला माहीत नव्हता. आज माहीत आहे, आणि मी असं मानते की मावशीची ती हाक कुठल्याही अभिषेकाहून, कुठल्याही होमाहून खरी पूजा होती. तिनं काही ओतलं नाही. उलट देवीकडे हिशेब मागितला. पण तिनं 'देवी नव्हतीच' असं म्हटलं नाही आणि 'देवीनं केलं ते भल्यासाठी' असंही म्हटलं नाही. ही दोन्ही वाक्यं तृतीय पुरुषातली आहेत, ती बोलायला समोर कुणी लागत नाही. मावशी द्वितीय पुरुषात बोलत राहिली. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या दिल्या त्याही याच पुरुषातल्या. 'हूत' या शब्दात हाकेला उत्तर मिळालं की नाही हे सांगितलेलं नाही. तो कर्मणी धातुसाधित आहे, हाक मारून झाली एवढंच सांगतो. निदान एवढी प्रामाणिकता मला दुसऱ्या कुठल्या देववाचक शब्दात दिसलेली नाही. चांगला, सर्वशक्तिमान, दयाळू ही विशेषणं नंतरच्या लोकांनी त्याला चिकटवली, आणि मग विशेषणं खरी करून दाखवण्यासाठी मेलेल्या लेकरांची पापं शोधली.

देव आहे का, असं मला अजूनही तरुण मुलं विचारतात. आहे की नाही हा प्रश्न मी खोटा मानत नाही. पण माझा अनुभव असा, की त्या प्रश्नाचं उत्तर तयार असणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांपैकी कुणी त्या रात्री शेडात मावशीला पुरं पडलं नसतं. माय पुरी पडली, कारण तिनं मावशीची हाक देवीकडे जाऊ दिली आणि स्वतःही ऐकली. तेरच्या कथेत जे राहून गेलं होतं, ते तिनं केलं.

माझी विनंती शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांना आहे. शब्दार्थांच्या यादीत 'गॉड'समोर 'देव' लिहून पुढच्या शब्दाकडे जाऊ नका. तो 'गुड'वरून आला असं सांगू नका, तीन अक्षरांची तीन कामंही सांगू नका. मुलांना 'हुत' आणि 'हूत' हे दोन शब्द फळ्यावर लिहून द्या, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. मग त्यांना घरी पाठवा, आणि त्यांच्या आजीला विचारायला सांगा, की ती देवाला काय देते आणि देवाला काय म्हणते. आजी आराधीण असो, माळकरी असो, दर्ग्याला जाणारी असो की विहारात, तिचं उत्तर वहीत लिहून आणायला सांगा. आमच्या भागातल्या त्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत.